गाजर गवत, बिबा आणि मज्जेतली एक पेशी

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात वलगाव येते. पेढी नदीकाठचे हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना बाबांनी या गावाजवळ देह ठेवला. त्याच १९५६ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लहानशी नोंद छापून आली. पुण्यात एक परदेशी वनस्पती उगवलेली आढळली असून तिचे नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, असे तीत म्हटले होते. आयुष्यभर खराटा हातात धरून गावे झाडणारा माणूस ज्या वर्षी गेला, त्याच वर्षी उकिरड्यावर सगळ्यात माजणारे तण कागदावर आले. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण पावसाळ्यात या रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढे वाढलेले गाजर गवत पाहिले की तो आठवल्यावाचून राहत नाही.

गाजराच्या पाल्यासारखी पाने आणि वर पांढऱ्या ठिपक्यांची फुले. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणते. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागातले. एका झाडाला दहा-पंधरा हजार बिया सहज येतात. गुरे तोंड लावत नाहीत, कारण पानांत कडू विष असते. अमेरिकेने पीएल-४८० कायद्याखाली पाठवलेल्या गव्हातून ते आले, असे गावोगाव सांगतात. तो कायदा १९५४ चा, आणि पुण्यातल्या गवताच्या आठवणी त्याच्याही आधीच्या सांगितल्या जातात, तेव्हा सगळे खापर त्या गव्हावर फोडण्यात अर्थ नाही. गव्हाच्या पोत्यांनी बी देशभर पसरवायला मदत केली असेल, इतके म्हणता येईल.

या गवताचा वैद्यकाशी संबंध आला तो १९७० च्या दशकात. पुण्याच्या परिसरात त्वचारोगाचे असे रुग्ण येऊ लागले की ज्यांच्या चेहऱ्याची, मानेची आणि कोपरांच्या घड्यांची कातडी लाल, जाड, खाजरी झालेली असे. बहुतेक पुरुष, बहुतेक शेतकरी, वय चाळिशीच्या पुढे. १९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी या साथीवर शोधनिबंध लिहिला आणि गाजर गवताचे नाव आरोपी म्हणून जगापुढे आले. वऱ्हाडातल्या त्वचारोगतज्ज्ञाला आज हे रुग्ण ओळखायला फार वेळ लागत नाही. उन्हाने होणारा त्रास आणि गवताने होणारा त्रास वेगळा काढायची एक साधी खूण आहे. ऊन हनुवटीखाली, कानामागे आणि वरच्या पापणीवर पोचत नाही. हवेतून उडणारी गवताची भुकटी मात्र नेमकी तिथेच साचते. म्हणून पापण्या सुजलेल्या आणि कानामागची कातडी सोललेली दिसली की वैद्य आधी वावराच्या धुऱ्याची चौकशी करतो. रोग जुना झाला की कपाळाची कातडी इतकी जाड होते, सुरकुत्या इतक्या खोल पडतात, की पाहणाऱ्याला महारोगाची शंका यावी. अशा माणसाला गावाने विनाकारण वेगळे बसवले, असेही होऊ शकते. महारोगाकडे आपल्याला पुढे जायचेच आहे.

गंमत ही की पार्थेनिन, म्हणजे या गवतातले मुख्य रसायन, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला दिसण्याइतके मोठेच नसते. ते कातडीत शिरते आणि आपल्याच प्रथिनांना चिकटते. मग ते जोडप्रथिन परके वाटू लागते. कातडीतल्या पहारेकरी पेशी ते उचलून लसीकाग्रंथींत नेतात आणि तिथे टी-पेशी नावाच्या काही पांढऱ्या पेशी त्याची ओळख कायमची लक्षात ठेवतात. या पहिल्या ओळखीला कधी महिने लागतात, कधी वर्षे. शेतकरी म्हणतो, “अजी, वीस साल झाले निंदन करतो, तवा काई नाई झालं, आता कसं होईन?” त्याचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही त्यातच आहे: वीस वर्षे ओळख वाढत होती. एकदा ती पक्की झाली की नुसत्या धुळीने दोन दिवसांत कातडी पेटते. दोन दिवस हा आकडा महत्त्वाचा. क्षयाची मॅन्टू चाचणी हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी का बघतात, त्याचे कारणही हेच. टी-पेशींना गोळा व्हायला तेवढा वेळ लागतो.

या रस्त्याने आणखी पुढे, परतवाड्यावरून मेळघाटात चढले की दुसरा आरोपी भेटतो, आणि तो तर पुरता देशी आहे. बिबा. आंबा आणि काजूच्याच कुळातले हे झाड. फळाच्या सालीतले काळे तेल परीट कपड्यांवर खुणा करायला वापरत. शेतात काटा रुतला की बिबा तापवून तळपायावर चटका देणारी माणसे वऱ्हाडात अजून आहेत, आणि आतली गोडंबी लाडवात घालतात. पण तेल अंगाला लागले आणि ज्याला ते सोसत नाही त्याला बिबा उतला, की फोड, सूज, खाज यांनी तो आठवडाभर हैराण होतो. मग खोबरे आणि तीळ वाटून लावतात. काहींना बिबा हाताळूनही काही होत नाही, तर काहींना झाडाखालून गेले तरी उततो असे लोक म्हणतात. ही तफावत टी-पेशींच्या स्मरणातली. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर चट्टे उठू लागले तेव्हा त्यांचे डॉक्टर चक्रावले. १९४३ साली शोध लागला की कॉलरच्या आतल्या बाजूला परिटाने बिब्याने केलेली खूण हे कारण आहे. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या वेलीतले तेल बिब्याच्या तेलाचे सख्खे भावंड. ज्या शिपायांना लहानपणी ती वेल लागली होती त्यांचे शरीर बिब्याला आधीपासून ओळखत होते, असेच म्हणायचे.

शरीराच्या या अतिरेकी प्रतिसादांची विभागणी १९६३ साली फिलिप गेल आणि रॉबिन कूम्ब्स या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी चार प्रकारांत केली. गाजर गवताची कातडी आणि बिबा हा त्यातला चौथा प्रकार, टी-पेशींचा. उरलेले तीन प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटिबॉडींचे. ही विभागणी शिकवायला सोयीची आहे; प्रत्यक्ष आजार तिच्या चौकटीत नीट बसतीलच असे नाही. तरी विद्यार्थ्यांना ती साठ वर्षे पाठ करावी लागते आहे, म्हणून आपणही तिला धरून चालू.

पहिला प्रकार झटपटीचा. मधमाशी चावली, पेनिसिलिनची सुई दिली, आणि काही मिनिटांत गांधी उठल्या, घसा आवळला, रक्तदाब कोसळला. वऱ्हाडात असे चित्र साप चावलेल्या माणसाच्या खाटेवरही दिसते, आणि ते विषाने नव्हे तर औषधाने. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवरची प्रतिविषाची लस घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याची प्रथिने माणसाच्या शिरेत गेली की शरीर कधीकधी खवळते. यातल्या बऱ्याच प्रतिक्रियांना आधीची ओळखसुद्धा लागत नाही, म्हणजे त्या काटेकोर अर्थाने पहिल्या प्रकारात येत नाहीत. पण डॉक्टरने करायचे ते एकच. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, विलंब न लावता. ॲड्रिनलिन जवळ नसताना प्रतिविष सुरू करू नये, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेलाही पाठ असते.

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे थेट एखाद्या पेशीवर जाऊन बसतात आणि ती फोडतात. चुकीच्या गटाचे रक्त चढवले की होते ते हेच. याचे जगप्रसिद्ध मराठी उदाहरण मुंबईतले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट दाखवून दिला, जो नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ सारखा दिसतो, पण त्या माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. त्याचे नावच बॉम्बे रक्तगट पडले. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. अशा माणसाच्या रक्तात ‘ओ’ च्या तांबड्या पेशींविरुद्धही प्रतिपिंडे असतात. चुकून ‘ओ’ दिले तर काही क्षणांत पेशी फुटू लागतात.

तिसरा प्रकार जरा मंद. प्रतिविष घेऊन माणूस बरा होऊन घरी जातो आणि आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर चट्टे घेऊन परत येतो. घोड्याची प्रथिने आणि आता तयार झालेली प्रतिपिंडे यांचे गुंते रक्तात फिरतात आणि सांध्यांत, मूत्रपिंडांत, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकतात. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ साली या आजाराचे वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी पिर्केने ‘ॲलर्जी’ हा शब्द वापरात आणला. लस आणि रोग, दोन्ही एकाच प्रतिसादाची रूपे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. पिर्केचे हे म्हणणे पटायला सगळ्यात चांगली जागा माझ्या मते अमरावतीच आहे. तपोवन.

डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीत तपोवन उभे केले, कुष्ठरुग्णांना राबायला जमीन आणि मान मिळावा म्हणून. विदर्भाने या कामाची परंपराच घडवली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे, परतवाड्याजवळ कोठाऱ्याचे मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय. बाबा आमट्यांनी रोगाचे जंतू वाढवण्याच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर दिले होते. त्यांना रोग झाला नाही. होण्याची शक्यताच थोडी होती, कारण बहुसंख्य माणसांच्या टी-पेशी हा जंतू आपोआप निपटून टाकतात. ज्यांच्या टी-पेशींना ते जमत नाही त्यांच्यात रोग पसरतो. आणि इथे एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या रुग्णाच्या अंगात जंतू सर्वाधिक, त्याच्या रक्तात त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडेही भरपूर असतात. पण जंतू पेशींच्या आत लपलेला, प्रतिपिंडे बाहेर. नुसती प्रतिपिंडे वाढून भागत नाही, हे या रोगाने शिकवले.

कुष्ठरोगाचा जंतू स्वतः तसा आळशी. दुभंगायला त्याला दोन आठवडे लागतात, विष तो सोडत नाही. हातापायाची बोटे वाकडी होतात, पाय लुळा पडतो, डोळा मिटत नाही, यातले पुष्कळसे नुकसान शरीराच्या स्वतःच्या भडक्याचे असते. वैद्य त्याला ‘रिॲक्शन’ म्हणतात, आणि तपोवनातल्या जुन्या माणसांनाही हाच शब्द तोंडपाठ असे. रिॲक्शन दोन तऱ्हेची. एकीत जुने चट्टे अचानक लाल होऊन फुगतात आणि कोपराजवळची किंवा पायाची नस दोरीसारखी सुजते. काल चालणारा माणूस आज पाऊल उचलू शकत नाही. हा गाजर गवताचाच चौथा प्रकार, फक्त कातडीबरोबर नसेतही घडलेला. दुसरीत अंगभर दुखऱ्या लाल गाठी, ताप, डोळे लाल, सांधे धरलेले. मेलेल्या जंतूंचे तुकडे आणि प्रतिपिंडे यांचे गुंते हे तिचे मूळ मानले गेले, म्हणजे प्रतिविषानंतरच्या तापाचा तिसरा प्रकार. पुढे त्यात टी-पेशींचाही हात आहे हे उघड झाले. चौकटी अपुऱ्या पडतात म्हटले ते यासाठी.

रुग्णाच्या दृष्टीने सर्वात अन्यायाची बाब अशी की हा भडका बऱ्याचदा औषध सुरू झाल्यावर येतो. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याने तीन औषधांचे मिश्रण दिले जाऊ लागले. जंतू मरू लागले, त्यांचे तुकडे रक्तात आले, आणि माणूस तापाने फणफणला. “गोळ्या खाल्ल्या अन् रोग वाढला” असे म्हणून औषध टाकून देणाऱ्याला अडाणी ठरवणे सोपे आहे. त्याने पाहिले ते खरेच होते, फक्त त्याचा अर्थ त्याला कोणी सांगितला नव्हता. अशा वेळी जंतूंवरच्या गोळ्या चालू ठेवून वर स्टिरॉइड द्यावे लागते. २००५ च्या अखेरीस भारताने कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याच्या पातळीवर निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तरीही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात, आणि रिॲक्शन येणारे रुग्णही तेवढ्याच प्रमाणात.

१९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांच्याकडे गाठींच्या रिॲक्शनने तळमळणारा एक रुग्ण होता. वेदनांमुळे त्याची झोप उडालेली. कोणत्याच झोपेच्या गोळीचा उपयोग होईना. दवाखान्याच्या कपाटात एक बदनाम औषध उरले होते: थॅलिडोमाइड. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेल्या या झोपेच्या गोळीमुळे हातपाय न फुटलेली हजारो बाळे जन्मली होती आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ती मागे घेतली गेली होती. शेस्किन यांनी ती दिली. रुग्ण झोपला, आणि उठला तेव्हा दुखणे बरेच ओसरले होते. पुढच्या रुग्णांतही तेच घडले. ज्या औषधाने जगभर हाहाकार माजवला ते कुष्ठरोग्याच्या गाठी विरघळवते, हे कुणाच्या डोक्यात आले नसते. ते कपाटातून निघाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गिला कॅप्लान यांच्या गटाने दाखवले की हे औषध टीएनएफ नावाच्या दाहक रसायनाचे उत्पादन आवरते. बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रीला ते देताना आजही कमालीची सावधगिरी लागते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगात त्याच्या सरसकट वापराला पाठिंबा दिलेला नाही. तो निर्णय मला योग्य वाटतो.

थॅलिडोमाइडची गोष्ट इथे संपत नाही, पण ती पुढे नेण्याआधी प्रतिपिंडे कोण बनवते ते पाहायला हवे.

१९४८ साली स्वीडनच्या ॲस्ट्रिड फाग्रेउस यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधात हे सिद्ध केले की प्रतिपिंडे प्लाझ्मा पेशींमधून येतात. बी-पेशीला जंतू किंवा परके प्रथिन भेटले, टी-पेशीने होकार दिला, की ती वाढत जाऊन प्लाझ्मा पेशी बनते. सेकंदाला हजारो प्रतिपिंडे ती बाहेर टाकते, आणि सगळी अगदी एकसारखी. बऱ्याचशा थोड्या दिवसांत मरतात. काही मात्र हाडांच्या मज्जेत जाऊन राहतात आणि दशकानुदशके काम करतात. १९१८ च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या वृद्धांच्या रक्तात नव्वद वर्षांनंतरही त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. मज्जेत अशा लाखो वेगवेगळ्या पेशी नांदतात, प्रत्येकीचे प्रतिपिंड निराळे. वऱ्हाडातल्या जुन्या वावरात कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास, धुऱ्याकडे ज्वारी, मधे मूग-उडीद असे सगळे मिळून पिकत असे, तसे हे आहे. कधीतरी यातल्या एकाच पेशीत जनुकांची मोडतोड होते आणि तिचीच प्रजा मज्जा व्यापू लागते, गाजर गवताने वावर घ्यावे तशी. बाकीच्यांना जागा उरत नाही. हा मल्टिपल मायलोमा.

याचा सुरुवातीच्या काळातला सर्वात प्रसिद्ध रुग्ण लंडनचा किराणा व्यापारी थॉमस मॅकबीन. पाठ आणि छाती दुखून अंथरुणाला खिळलेला. १८४५ च्या शरद ऋतूत त्याच्या डॉक्टरांनी लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञ वैद्याकडे पाठवला. लघवीतले प्रथिन तापवले की गोठे, उकळले की विरघळे, थंड केले की पुन्हा गोठे. १ जानेवारी १८४६ ला मॅकबीन गेला. शवविच्छेदनात बरगड्या इतक्या ठिसूळ की सहज चिरल्या जात. ते प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाचाच एक तुकडा, हलकी साखळी, हे कळायला १९६२ उजाडावे लागले. जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी ते दाखवले. प्रतिपिंडाची रचना माणसाला उलगडली ती या रोग्यांमुळेच. निरोगी रक्तात लाखो प्रकारांची भेसळ असते; मायलोमाच्या रक्तात एकच, निर्भेळ प्रतिपिंड भांड्याभांड्याने मिळते.

आणि याच कारणाने ॲलर्जीचे कोडे सुटले. १९२१ साली जर्मनीत प्राउसनित्स आणि क्युस्टनर यांनी एक प्रयोग केला. क्युस्टनरला मासे सोसत नसत. प्राउसनित्सने त्याचे रक्तद्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, गांधी उठली. रक्तातून काहीतरी आले होते, पण ते काय, हे पंचेचाळीस वर्षे कुणाला सापडेना, इतके ते अल्प. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने रॅगवीड या तणाची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तातून ते वेगळे काढले आणि आपल्या पाठीच्या कातडीवर तपासून पाहिले; १९६६ साली त्यांनी ते जाहीर केले. हे रॅगवीड गाजर गवताच्या जवळच्या नात्यातले, सूर्यफुलाच्या कुळातले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये उप्साला इथे एक मायलोमाचा रुग्ण आला. त्याच्या मज्जेत माजलेली पेशी कोणत्याच ज्ञात जातीचे प्रतिपिंड बनवत नव्हती. योहान्सन आणि बेनिक यांच्या लक्षात आले की हे तेच दुर्मिळ प्रतिपिंड आहे, जे ॲलर्जी करते. इथे मात्र ते तपासणीला हवे तेवढे मिळत होते. १९६८ साली लोझानमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत दोन्ही गटांचे शोध एकच ठरले आणि त्याला आयजीई हे नाव मिळाले. आज प्रयोगशाळेत होणारी ॲलर्जीची रक्तचाचणी त्या स्वीडिश रुग्णाच्या रक्तातून सुरू झाली.

आता थॅलिडोमाइड. मायलोमाच्या औषधांची स्थिती १९९० च्या दशकात वाईट होती. न्यूयॉर्कच्या एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाला हा रोग झाला होता. उपाय थकले तेव्हा त्याची पत्नी स्वतः औषध शोधत फिरू लागली. थॅलिडोमाइड नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, असे त्या वेळच्या संशोधनात दिसले होते. तिच्या आग्रहावरून आर्कान्सा विद्यापीठात डॉ. बार्ट बार्लोगी यांनी ते वापरून पाहिले. तो रुग्ण वाचला नाही. पण पुढच्यांपैकी काहींना विलक्षण गुण आला. १९९९ साली सीमा सिंघल, जयेश मेहता आणि सहकाऱ्यांनी ८४ रुग्णांवरचा निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला: सर्व उपाय हरलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांमध्ये रोगाने माघार घेतली. ते औषध कसे काम करते ते टोकियोत २०१० साली उलगडू लागले. सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला ते चिकटते आणि प्लाझ्मा पेशींना जगायला आवश्यक असलेली दोन प्रथिने पेशीकडूनच नष्ट करवते. गर्भाच्या हातापायांचा घातही याच सेरेब्लॉनच्या वाटेने झाला होता.

वलगावच्या एखाद्या साठीच्या शेतमजुराला मायलोमा झाला तर काय होते? “पाठ लय दुखते डॉक्टरसाहेब” यापासून सुरुवात. पाठदुखी वऱ्हाडात कुणाला नाही? म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने चालतात, आणि तिथेच घात होतो; हलक्या साखळ्यांनी आधीच तुंबलेल्या मूत्रपिंडांना या गोळ्या आणखी मारतात. पाठदुखीबरोबर रक्त कमी, ईएसआर शंभराच्या घरात, क्रिएटिनिन वाढलेले असे दिसले तर रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी मागावी. पट्टीवर टोकदार उभार दिसला की मज्जेची तपासणी. वयाने पन्नाशी ओलांडलेल्यांत शंभरातल्या तिघांच्या रक्तात असा लहानसा उभार निरुपद्रवी स्थितीत सापडतो, हे अमेरिकेतल्या पाहणीत आढळले आहे, आणि अशांपैकी वर्षाला सरासरी एक टक्काच मायलोमाकडे जातात. तेव्हा उभार दिसला म्हणून घाबरून घर विकायला काढू नये. अमेरिकेतल्या कीटकनाशक फवारणाऱ्या शेतकऱ्यांत हा उभार अधिक सापडल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. कापूस फवारणाऱ्या वऱ्हाडाने ते लक्षात ठेवावे, पण त्यावरून इथला निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकरच्या वयात दिसतो, एवढे मात्र पक्के.

उपचार नागपूरला मिळतात, मुंबईच्या टाटा रुग्णालयात मिळतात. तिकडे जाणारी वऱ्हाडी माणसे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. थॅलिडोमाइडचे सुधारलेले भावंड लेनालिडोमाइड आता भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे ते आवाक्यात आले आहे. सोबत बोर्टेझोमिब हे दुसरे औषध, आणि स्टिरॉइड. तपोवनातली रिॲक्शन, गाजर गवताची कातडी आणि मायलोमा या तिन्ही ठिकाणी स्टिरॉइड हे एकच औषध येते, कारण तिन्ही ठिकाणी ते लसीकापेशींच्याच, म्हणजे टी-पेशी आणि बी-पेशींच्या, वंशावर दाब आणते. झेपणाऱ्या रुग्णाला त्याच्याच मूळपेशींचे रोपण करतात. रोग आटोक्यात राहतो, वर्षानुवर्षे राहतो, पण बहुतेकांत परत येतो.

२०१५ पासून या यादीत दारातुमुमॅब हे नाव आले. हे औषध स्वतःच एक प्रतिपिंड आहे. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या मायलोमा पेशीला बी-पेशीशी जोडून एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवायची युक्ती काढली, त्याच घराण्यातले. ते मायलोमा पेशीवरच्या सीडी-३८ या खुणेला जाऊन चिकटते. शिरेतून दिले तर पहिल्याच डोसाला जवळपास निम्म्या रुग्णांना थंडी, धाप, खोकला, अंगावर पित्त असा त्रास होतो, म्हणून आधी स्टिरॉइड आणि ॲलर्जीच्या गोळ्या देतात. त्वचेखालून देण्याच्या नव्या रूपात हा त्रास बराच कमी. पण खरी अडचण रक्तपेढीत होते. सीडी-३८ ही खूण तांबड्या पेशींवरही थोडी असते. औषध तिथेही बसते आणि रक्त जुळवताना केलेली कूम्ब्स चाचणी, म्हणजे चार प्रकारांच्या त्याच रॉबिन कूम्ब्स यांची, सरसकट सकारात्मक येते. कुणाचेच रक्त जुळत नाही असे वाटू लागते. म्हणून पहिल्या डोसाआधीच रक्तगट आणि प्रतिपिंडांची तपासणी करून ठेवतात आणि रुग्णाजवळ तसे कार्ड देतात. पुढे कधी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा नागपुरात रक्त चढवायची वेळ आली तर ते कार्ड आधी दाखवायचे. औषधाचा हा परिणाम शेवटच्या डोसानंतर सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतो.